जुना व्हिडिओ गेम मिळाला? 'ओरिजिनल' म्हणण्याआधी चार स्क्रू उघडा



या आठवड्याचा व्हिडिओ जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर होता. त्यात टीव्हीला लावायच्या जुन्या व्हिडिओ गेमचा भाग जेमतेम दोन मिनिटांचा, पण सगळ्यात जास्त प्रश्न त्याच्यावरच आले. त्यातले बरेच गोंडपिपरी, आष्टी, राजुरा, बल्लारपूर या पट्ट्यातल्या मोबाईल-टीव्ही दुरुस्तीवाल्यांचे. थोडक्यात प्रश्न असा: कुणाच्या माळ्यावरून किंवा भंगारातून जुना कॅसेटवाला डबा मिळाला आहे, ऑनलाईन असल्या डब्याला लोक भलताच भाव मागताना दिसतात, तर आमचा डबा ओरिजिनल आहे का आणि कितीला विकायचा?

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग कारणं देतो. चंद्रपूर-गडचिरोलीत माळ्यावरून निघालेला कॅसेटवाला डबा जवळपास नेहमी नक्कलच असणार. नक्कल आहे म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. पण दुकानदाराने तो उघडून बघितल्याशिवाय 'ओरिजिनल' हा शब्द तोंडातून काढू नये आणि बिलावर तर मुळीच लिहू नये. आणि दुसरं, जे अनेकांना आवडणार नाही: या मालात पैसा विक्रीपेक्षा तपासणीत आणि दुरुस्तीत आहे.

नक्कलच का असणार, ते समजून घ्या. निन्टेन्डो या जपानी कंपनीने आपला लाल-पांढरा 'फॅमिकॉम' १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये काढला. १९८५ मध्ये तोच अमेरिकेत राखाडी रंगाच्या वेगळ्या खोक्यात, 'एनईएस' या नावाने गेला. आपल्या गावापर्यंत हे दोन्ही डबे आलेच नाहीत म्हणा ना. त्या काळी बाहेरच्या इलेक्ट्रॉनिक मालावर आयात शुल्क जबर होतं. सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीने १९९५ मध्ये आपला मेगा ड्राइव्ह भारतात विकायला शॉ वॉलेसशी करार केला, तो ८० टक्के आयात शुल्कातून वाट काढण्यासाठीच. तरीही एका यंत्राची किंमत १८,००० रुपये होती. (हो, दारूवाली शॉ वॉलेस, तीच.) १९९५ साली एवढ्या पैशात घरात रंगीत टीव्ही आला असता. पेपर मिलच्या किंवा कोळसा खाणीच्या वसाहतीतला कोणता बाप पोराच्या खेळण्यासाठी एवढे मोजणार होता?

मग जे आलं ते तैवान आणि चीनमधून आलं. तैवानच्या टीएक्ससी कंपनीचा मायक्रो जीनियस हा त्यातला सगळ्यात नाव झालेला. त्याच्यामागे बिननावाचे शेकडो. मुंबईच्या बाजारात उतरायचे, तिथून नागपूर, नागपूरहून चंद्रपूर. आपण सगळे मारिओ, कॉन्ट्रा, डक हंट याच डब्यांवर खेळलो. चाळिशीच्या आतबाहेरचा माणूस 'आमच्याकडे ओरिजिनल होता' असं छातीठोक सांगतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्यासाठी तोच ओरिजिनल, कारण दुसरा त्याने कधी पाहिलेलाच नाही. गडबड होते ती इथे. गिऱ्हाईक आठवणीच्या जोरावर 'ओरिजिनल' म्हणतं आणि दुकानदार तेच ऐकून जाहिरातीत लिहितो.

काउंटरवरच कळतं ते

डबा हातात आला की आधी अ‍ॅडाप्टर वाचा. टीव्हीला लावायची घाई नको. जपानी फॅमिकॉमचा अ‍ॅडाप्टर १०० व्होल्टचा असतो. थेट आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात खुपसला तर जळणार. त्याचं आउटपुट १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअर, आणि पिनमध्ये आतला टोक मायनस. आपल्याकडच्या अनेक अ‍ॅडाप्टरांपेक्षा हे उलटं आहे, म्हणून मल्टिमीटर लावल्याशिवाय दुसरा अ‍ॅडाप्टरही जोडू नका.

मग कॅसेट न लावता डबा चालू करा. पडद्यावर खेळांची यादी आली, तर पुढचं काही बघायची गरजच नाही. अस्सल फॅमिकॉममध्ये किंवा एनईएसमध्ये आत एकही खेळ भरलेला नव्हता. यादीत ९९९९९९ खेळ असल्याचं लिहिलेलं असेल तर पन्नासेक उतरवून बघा, तोच मारिओ दुसऱ्या पातळीपासून सुरू करून पुन्हा पुन्हा मोजलेला सापडेल.

रिमोट बघा. (आपण रिमोट म्हणायचो, जॉयस्टिकही म्हणायचो, चालतं.) अस्सल फॅमिकॉमचे दोन्ही रिमोट डब्याला कायमचे जोडलेले असतात, वायर मागून आत जाते, काढता येत नाही. दुसऱ्या रिमोटवर 'स्टार्ट' आणि 'सिलेक्ट' ही बटणंच नसतात. त्या जागी छोटा माईक आणि आवाज कमी-जास्त करायची पट्टी असते. आपल्याकडच्या डब्यांना बहुतेक वेळा पुढे पिनवाला सॉकेट असतो, रिमोट उपटून काढता येतो, आणि त्यावर 'टर्बो'ची जास्तीची दोन बटणं असतात. टर्बो दाबलं की गोळ्या सुटत राहायच्या, आठवतंय? मूळ रिमोटवर ते नव्हतंच.

मागची बाजू बघा. १९८३ चा फॅमिकॉम फक्त अँटेनाच्या वायरने टीव्हीला जोडता यायचा. एव्हीने जोडता येणारा त्याचा अस्सल प्रकार निन्टेन्डोने १९९३ च्या डिसेंबरात काढला आणि तो दिसायलाही वेगळा आहे. म्हणजे जुन्या लाल-पांढऱ्या डब्याला एव्हीची भोकं असतील तर एक तर तो नक्कल आहे, नाही तर कुणी नंतर आत काम केलेलं आहे. शिवाय जपानी यंत्र तिथल्या एनटीएससी पद्धतीचं आणि तिथल्या चॅनेलवरचं. आपल्या जुन्या पाल टीव्हीवर त्याचं चित्र सहजासहजी येत नाही. तुमच्या काकांच्या ओनिडावर तो डबा वर्षानुवर्षं झकास चालला असेल, तर तेवढ्यावरूनच अंदाज बांधा.

तळाचं लेबल शेवटी. अस्सलवर एचव्हीसी-००१ किंवा एनईएस-००१ असा मॉडेल नंबर असतो. शेवटी अशासाठी म्हणतो की लेबल छापणं हे नक्कल करणाऱ्याचं सगळ्यात सोपं काम. चंद्रपूर जिल्ह्याने २०१५ ते २०२१ दारूबंदी पाहिली आहे. बाटलीवरचं लेबल आणि बाटलीतला माल यांच्यात किती अंतर असू शकतं, हे इकडच्या माणसाला मी काय सांगू!

प्लॅस्टिक पिवळं पडलंय म्हणजे जुनं आणि म्हणून अस्सल, असंही समजू नका. नक्कलही पिवळी पडते.

उघडल्यावर वाद संपतो

फॅमिकॉम उघडायला साधा चौफुली पेचकस पुरतो. आतल्या बोर्डवर दोन मोठ्या आयसी शोधा. अस्सल जपानी यंत्रात त्यांच्यावर आरपी२ए०३ आणि आरपी२सी०२ असं लिहिलेलं असतं, आणि बोर्डवर निन्टेन्डोचं नाव. नव्वदीच्या सुरुवातीच्या बऱ्यापैकी नकलांमध्ये त्या जागी तैवानच्या यूएमसी कंपनीच्या आयसी दिसतात: यूए६५२७, आणि तिच्या जोडीला पाल देशांसाठी यूए६५३८. ही दुसरी दिसली की तो डबा आपल्यासारख्या पाल टीव्हीवाल्या बाजारासाठीच बनवला होता, हे पक्कं. आणि नंतरच्या स्वस्त डब्यांमध्ये आयसी दिसतच नाही. बोर्डवर काळ्या डांबरासारखा एक गोळा, बस. सगळं यंत्र त्या गोळ्याखालच्या एका चिपमध्ये.

इथे एक सावधगिरी. काळा गोळा यंत्राच्या मुख्य बोर्डवर असेल तर नक्कल. पण कॅसेट उघडल्यावर आत गोळा दिसला म्हणून तिला लगेच नकली ठरवू नका. काही अस्सल जपानी कॅसेटांमध्येही तसा असतो. उलट गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससारख्या हातातल्या यंत्राच्या कॅसेटसाठी वेगळ्या खुणा: अस्सल लेबलवर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, तिरक्या उजेडात दिसतात, आणि खालच्या फटीतून बोर्डवर छापलेलं कंपनीचं नाव डोकावतं. आखातातून आलेल्या कुणाच्या बॅगेतून असला माल कधी कधी निघतो, म्हणून सांगून ठेवलं.

मोजायचं झालं तर कॅसेटच्या पिनाही मोजा. जपानी फॅमिकॉमची कॅसेट ६० पिनांची, अमेरिकी एनईएसची ७२ पिनांची. आपल्या गावातल्या सगळ्या कॅसेटा ६० वाल्या. म्हणजे दिसायला अमेरिकी एनईएससारखा राखाडी डबा, पण त्यात आपली बारकी पिवळी कॅसेट बसते, असं असेल तर काय समजायचं ते समजा. आणि हो, कॅसेटमध्ये फुंकर मारणं बंद करा. तोंडातला ओलावा पिनांवर बसतो आणि त्या गंजतात. मोबाईलचा बोर्ड पुसायला जे आयसोप्रोपिल वापरता तेच कापसावर घ्या.

प्लेस्टेशनचा प्रकार निराळा. तिथे 'पॉलीस्टेशन' नावाचा एक नमुना फिरायचा. दिसायला हुबेहूब सोनीचा पहिला प्लेस्टेशन, पण सीडीचं झाकण उघडलं की आत कॅसेटची खाच! म्हणजे आत तोच आपला काळा गोळा. ते ओळखायला शिक्षण लागत नाही. फसगत होते ती अस्सल सोनी यंत्रांत. पहिल्या प्लेस्टेशनच्या अस्सल सीडीची खालची बाजू काळी असते. आपल्या बाजारात विकल्या गेलेल्या सीडी चंदेरी, निळसर, हिरवट. आता त्या सीडी ज्या यंत्रावर चालतात त्या यंत्रात कुणी तरी चिप टाकलेली असणार. यंत्र अस्सल, पण आत छेडछाड. हे 'ओरिजिनल' म्हणून विकायचं का? माझ्या मते नाही. 'सोनीचं यंत्र, आत चिप बसवलेली' असं लिहून विका. आणि प्लेस्टेशन २ म्हणजे दुर्मीळ रत्न असल्याच्या थाटात भाव लावू नका. जगात १५ कोटींहून जास्त विकले गेले ते. जुनं आणि दुर्मीळ यांत फरक आहे, बाप्पा.

बिलावर काय लिहायचं

काही प्रशिक्षक तुम्हाला सांगतील, गिऱ्हाईक स्वतःच ओरिजिनल म्हणतंय तर तुम्ही कशाला बोलता, गप्प बसा आणि पैसे घ्या. मला हे पटत नाही, आणि त्यात फक्त नीतीचा मुद्दा नाही.

ट्रेड मार्क कायदा १९९९ बघा. खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकला तर कलम १०४ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड आहे. त्याच कलमात विक्रेत्याला बचावही आहे: मी सगळी वाजवी काळजी घेतली होती, शंका यायला कारण नव्हतं आणि माल कुणाकडून घेतला ते मी सांगितलं, हे दाखवता आलं पाहिजे. उघडून बघितलंच नाही, खरेदीची पावतीच नाही, तर दाखवणार काय?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तर आणखी जवळचा. खोटा दावा करून खरा म्हणून विकलेला माल त्यात 'बनावट माल' ठरतो. आणि या कायद्याने ग्राहकाला तो स्वतः जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करायची मुभा दिली आहे. तुम्ही गोंडपिपरीतून पार्सल पाठवलं, घेणारा पुण्याचा. त्याला चंद्रपूरला यायची गरज नाही, तारखेला तुम्ही पुण्याला जाणार. एका डब्यावरच्या नफ्यात तिकीट तरी निघेल का, हिशोब करा.

मग लिहायचं काय? साधं. 'जुना टीव्ही गेम, फॅमिकॉम पद्धतीचा, तैवान किंवा चीन बनावटीची नक्कल, ६० पिनांच्या कॅसेट चालतात, दोन रिमोट, चालू स्थितीत तपासला, तारीख अमुक.' डब्यावर मायक्रो जीनियस लिहिलेलं असेल तर मायक्रो जीनियस लिहा. स्वतःच्या नावाने विकली गेलेली नक्कल आणि दुसऱ्याचं नाव चिकटवलेली नक्कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८३ च्या यंत्राची पेटंटं केव्हाच संपली, पण निन्टेन्डो हे नाव आणि मारिओ हा खेळ आजही त्यांच्याच मालकीचे आहेत. म्हणून निन्टेन्डोचं नाव डकवलेला नकली डबा आला तर तो विकायच्या भानगडीत पडू नका. घरी ठेवायला मालकाला परत द्या.

खऱ्या नावाने नक्कल विकली तर गिऱ्हाईक पळून जाईल ही भीती मला फोल वाटते. रशियाचं उदाहरण घ्या. तिथे १९९२ मध्ये 'डेंडी' नावाने एक डबा बाजारात आला. तो मायक्रो जीनियसच होता, नाव तेवढं त्यांचं. तिकडेही अस्सल निन्टेन्डो पोचलाच नव्हता. डेंडी इतका चालला की १९९४ मध्ये खुद्द निन्टेन्डोने त्या कंपनीशी करार केला. आज तिकडचा संग्राहक डेंडी म्हणूनच डेंडी शोधतो, त्याला तो निन्टेन्डो असल्याचं सोंग नको असतं. आपल्याकडच्या चाळिशीच्या माणसालाही जपानी फॅमिकॉम नकोच आहे. त्याला तोच टर्बोवाला रिमोट हवाय.

आता तो न आवडणारा मुद्दा. असले डबे गोळा करून विकायचा धंदा उभा करू नका. माल तुटपुंजा, भाव मनमानी, आणि '९९ इन १' कॅसेटमधले खेळ परवान्याशिवाय भरलेले असतात, तेव्हा त्या मागवून विकणं कॉपीराइट कायद्यातही बसत नाही. मार्कंड्याच्या जत्रेत मिळणारे ते हातातले '४०० इन १' गेमही त्याच जातीचे. ते जुने नाहीत, जुन्यासारखे दिसतात, आणि वापरून पिवळे पडले की पुढच्या दोन वर्षांत कुणी तरी ते 'व्हिंटेज' म्हणून तुमच्याच काउंटरवर आणेल.

त्यापेक्षा हात कशावर बसलाय ते बघा. या डब्यांमध्ये बिघडतं ते तुमच्या रोजच्या कामातलं. ७८०५ रेग्युलेटर, फुगलेला कॅपॅसिटर, सैल झालेली डीसी पिन, रिमोटची आतून तुटलेली वायर, झिजलेलं रबर. बहुतेक सामान तुमच्या ड्रॉवरमध्ये आजच असेल. तपासणीची एक ठरावीक फी लावा. उघडायचं, आयसीचा फोटो काढायचा, मालकाला तो फोटो आणि दोन ओळींची चिठ्ठी द्यायची: काय आहे, चालतं का, आत कुणी हात घातलाय का. दुरुस्ती हवी असेल तर वेगळे पैसे. समजा तपासणीचे २०० आणि दुरुस्तीचे ५०० धरले, तर अर्ध्या तासाच्या कामाला ते वाईट नाहीत, आणि तुमचा एक रुपयाही मालात अडकत नाही. विकायचा की ठेवायचा, ते मालक ठरवेल. बरेच जण ठेवतात. पोराला दाखवायला.

तरी कुणाकडून डबा विकत घेतलाच, तर खरेदीची चिठ्ठी करा: देणाऱ्याचं नाव, ओळखपत्राची प्रत, तारीख, रक्कम, सही. चोरीचा माल निघाला तर हाच कागद कामी येतो. जीएसटी नोंदणी असेल तर जुन्या मालावर पूर्ण किमतीऐवजी फक्त फरकावर कर भरायची सोय नियम ३२(५) मध्ये आहे. त्यालाही खरेदीचा आकडा कागदावर लागतोच. तुमच्या सीएंना एकदा विचारून घ्या.

पुढच्या प्रश्नोत्तरांच्या व्हिडिओत तुमचे डबे घेणार आहे. फोटो पाठवताना समोरून काढलेला छान फोटो नको. तळाचं लेबल, मागच्या पिना, दुसरा रिमोट आणि उघडलेला बोर्ड, एवढे चार पाठवा. बोर्डचा फोटो खिडकीच्या उजेडात काढा, फ्लॅश मारला की आयसीवरची अक्षरं वाचता येत नाहीत.